तुतच्या गाई

न्यागोआचा हात जिभेच्या आधी चालायचा. माझी तिची ओळख त्या हातामुळेच झाली. केनियातल्या काकुमाच्या निर्वासित छावणीत मी नवीन होते. नळावर कुणीतरी माझा डबा मागे सरकवला, मी एक सणसणीत शिवी हासडली, आणि पुढच्या क्षणी मी धुळीत बसलेली आणि कान नुसता गुंगतोय. वर बघते तर ही ताडमाड बाई. "कुणाच्या आईवरून शिवी देतेस गं?" म्हणाली. मग तिनेच माझा डबा उचलला, भरला आणि माझ्या डोक्यावर ठेवून दिला. अशी आमची मैत्री झाली. मी तिला न्यापालची आई म्हणायचे, ती मला थोआनची आई. भांडण असलं की दोघी एकमेकींना नावानं हाक मारायचो, म्हणजे बहुतेक रोजच.

ती आमच्याच न्युएर लोकांतली, दक्षिण सुदानातल्या सोबात नदीच्या काठची. न्यापाल पाठीवर असताना तिचा नवरा तुत मेला. कसा मेला ते तिने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे उभी होते असं मला कधीकधी वाटतं.

उन्हाळा होता. सगळे गुरं घेऊन नदीवर उतरले होते. पलीकडच्या कुळातला गाटवेच आणि तुत हे नाचाला बरोबर जाणारे, एकाच वर्षी कपाळावर मर्दपणाच्या रेषा कापून घेतलेले. गाटवेचची एक कालवड तुतच्या गोठ्यात शिरली, तिथून शब्दाला शब्द लागला. तुतने आधी सोटा हाणला. गाटवेचच्या हातात मासे मारायचा भाला होता, तो त्याने फेकला नाही, नुसता पुढे केला, आणि तो तुतच्या बरगड्यांखालून आत गेला. न्यागोआ धार काढत होती. दुधाचं भांडं टाकून धावली, तर तुत दोन्ही हातांनी भाल्याचा दांडा धरून बसलेला. "काढू नका रे," म्हणत होता, "काढू नका." ती म्हणते, मला ते बघवेना. तिने भाला ओढला. त्याबरोबर त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं आणि तो तिच्या मांडीवर गेला. मग ती मुसळ घेऊन गाटवेचच्या मागे लागली. तो नदीत उडी मारून पोहत सुटला, थेट भूमीच्या पुजाऱ्याच्या अंगणात. पुजारी म्हणजे बिबट्याचं कातडं खांद्यावर टाकणारा माणूस. त्याच्या दारात शिरलेल्याला कुणी हात लावायचा नाही. पुजाऱ्याने गाटवेचच्या दंडावर वरून खाली चीर दिली आणि मेलेल्याचं रक्त त्याच्या अंगातून सांडून टाकलं. ते सांडेपर्यंत मारणाऱ्याने पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो.

पुढचं ठरलेलं असतं. मारणाऱ्याच्या कुळाने गाई द्यायच्या, मेलेल्याच्या नावाने त्या गोठ्यात बांधायच्या, मगच रक्त मिटतं. तोवर दोन घरांनी एका भांड्यातलं खायचं नाही, एका तुंब्यातलं प्यायचं नाही. खाल्लं तर ते रक्त पोटात उतरतं आणि खाणारा मरतो. मी माझ्या डोळ्यांनी माणूस मेलेला पाहिलाय, तेव्हा मला कुणी शहाणपण शिकवू नये.

गाई ठरल्या, पण हाकलून आणायच्या आत लढाई आली. शिपायांनी दोन्ही काठ जाळले. ज्यांच्यावरून तंटा होता ती गुरं शिपायांनीच भाजून खाल्ली. न्यागोआने मुलीला पाठीला बांधलं, एका हातात मुसळ घेतलं, दुसऱ्या हातात तुतचा पाण्याचा तुंबा घेतला आणि चालत सुटली. वाटेत एका शिपायाने तिला झाडामागे ओढलं होतं. तो झाडामागून परत आला नाही. मुसळाच्या टोकाला डाग होता तो मी पाहिलाय, तिने कधी घासला नाही.

तर अशी बाई. आणि छावणीत एका सकाळी नळावर तिच्यापुढे कोण उभं? गाटवेच. त्याच लढाईतून निसटून, त्याच वाटेनं आलेला.

मी शेजारीच होते. ती घरी गेली, मुसळ घेऊन आली आणि मागून त्याच्या खांद्यावर असं घातलं की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो खाली पडला. दुसरा घाव डोक्यावरच बसायचा, पण आम्ही पाच-सहा बायका तिच्या हाताला लोंबकळलो. मला ती तेव्हा चावली. व्रण आहे अजून. गाटवेच मात्र तोंडातून आवाज न काढता पडून होता, बघत होता फक्त तिच्याकडे.

तेव्हा नदीकाठचा तोच म्हातारा पुजारी, बिचियोक, अजून जिवंत होता. सरहद्द ओलांडताना त्याने बिबट्याचं कातडं पोटाला गुंडाळून आणलं होतं, उंदरांनी कुरतडलेलं. त्याने दोघांना समोर बसवलं. म्हणाला, "इथे गाई नाहीत. गाई नाहीत म्हणजे रक्त उघडं. तू छावणीच्या या टोकाला राहा, तू त्या टोकाला. नळ वेगळे, चूल वेगळी. बाई, तू मुसळ फक्त धान्यावर चालव."

"आणि गाई कधी?" न्यागोआ म्हणाली.

"असतील तेव्हा."

"म्हणजे माझ्या मढ्यावर."

म्हातारा त्याच पावसाळ्यात गेला. कातड्याचा वारस कुणी नव्हता, कुणीतरी त्याचं बसकण केलं. पण दोघांनी शब्द पाळला. वर्षानुवर्षं ती या टोकाला, तो त्या टोकाला.

आता न्यापालचं सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच झालं. पोरगी मोठी होईना. चार पावलं चालली की ओठ निळे पडायचे. छावणीच्या दवाखान्यात सांगितलं की हृदयाला भोक आहे, इथे काही होणार नाही, बाहेरच्या देशात कापून शिवता येतं. झालं. त्या दिवसापासून न्यागोआ निर्वासितांना बाहेरच्या देशात वसवायला नेणाऱ्या विमानाच्या मागे लागली.

विमानाचं काय सांगू तुम्हाला! मी इथे इतकी वर्षं बसलेय की मला त्यांच्या फॅशनी पाठ झाल्यात. आधी आमच्याकडचे एकटे पोरगे नेले. मग सोमाली नेले. मग म्हणे काँगोचे फार गांजलेले, त्यांना नेऊ. मग सीरियाचे. एखादा मोठा देश म्हणतो यंदा इतके घेणार, की छावणीभर लोक नवे बूट घेतात. मग तिथला कारभारी बदलतो, तो म्हणतो दार लोटून घ्या, आणि लोक बूट विकतात. कचेरीतला एक साहेबच एकदा बोलून गेला, जगातल्या निर्वासितांत वर्षाला शंभरात एकालाही जागा मिळत नाही. मी म्हटलं, साहेब, मग आम्हाला रांगेत उभं कशाला करता, चिठ्ठी टाका ना. त्याला राग आला.

न्यागोआ मुलाखतींना जायची तेव्हा अंग चोरून बसायची. एका मुलाखतीत विचारलं, तुम्ही कधी कुणाला इजा केली आहे का? ही म्हणाली, "मी? मुंगी मारली नाही." मी बाहेर हसून हसून लोळले. मुसळ घरी ठेवून गेली होती.

पण नाव लागलं बाई तिचं. आजारी मुलगी म्हणून लवकर लागलं. ज्या देशाने घेतलं त्याच देशात दार लोटायची भाषा चालू होती. सगळे म्हणत होते, हे विमान गेलं की पुढचं देव जाणे. न्यागोआने मला मिठी मारली तेव्हा माझ्या बरगड्या कडकडल्या.

जाणाऱ्यांना आधी काही दिवस कुंपणाच्या आत ठेवतात, तपासण्या होतात, मग बस, मग धावपट्टी. त्या कुंपणाच्या स्वयंपाकघरात मी कामाला होते. मोठ्या पातेल्यात मका नि घेवड्याच्या घुगऱ्या शिजवायच्या आणि डावाने वाढायच्या, हे माझं काम. त्या वेळी छावणीत कॉलरा होता, म्हणून बाहेरचा घाससुद्धा आत आणायला बंदी. खायचं ते माझ्याच पातेल्यातलं, प्यायचं ते आतल्याच पिंपातलं.

न्यागोआ आणि न्यापाल आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी बस आली. मी डाव हातात घेऊन बघत होते आणि तो डाव माझ्या हातून पडला. गाटवेच, त्याची बायको न्यालुआक आणि त्यांची छोटी पोर. एकाच देशाला, एकाच विमानाने.

न्यागोआ अंगणात उभी होती. मला वाटलं, आता होतंय. पण तिने मुलीकडे बघितलं, हात पाठीमागे बांधले आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गाटवेचने बायकोला दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. मग तो माझ्याकडे आला. "थोआनची आई," खालच्या आवाजात म्हणाला, "पातेली किती आहेत?"

"एक."

"दोन कर. तुझ्या पाया पडतो."

मी दोन केली. लहान पातेलं त्याच्या घरासाठी, वेगळा डाव, वेगळा पाण्याचा डबा. मुकादमाला कळू द्यायचं नव्हतं. वान्याला नावाचा होता, केनियाच्याच पश्चिमेकडचा, मनाने वाईट नव्हता, पण त्याला आमच्यातलं काय ठाऊक? आणि सांगायची सोयच नव्हती. दोन घरांत खून आहे हे कचेरीच्या कानावर गेलं असतं तर दोघांच्या फायली चौकशीला गेल्या असत्या. चौकशी म्हणजे वर्ष. दार लोटलं जात होतं आणि पोरीकडे वर्ष नव्हतं.

पण वान्यालाने दुसरं पातेलं पकडलंच. "हे काय चाललंय? शिधा चोरतेस?" मी म्हटलं, "साहेब, लहान मुलांसाठी मऊ शिजवते." तो म्हणाला, "आजपासून एकच पातेलं. एकच पिंप. मी इथे खुर्ची टाकून बसतो." आणि बसला मेला, गालावर हात ठेवून.

त्या दिवशी मी वाढलं आणि दोन घरांनी थाळ्या भरून घेतल्या आणि त्याच्या नजरेआड कुत्र्यांना घातल्या. गाटवेच आणि न्यागोआ समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसले होते, दोघांच्या थाळ्या रिकाम्या, दोघांची पोटं रिकामी. त्याची छोटी पोर भुकेनं रडत होती आणि न्यालुआक तिच्या तोंडावर हात दाबत होती. दुसरा दिवसही तसाच. पाणी तेवढं मी पहाटे नळावरून परस्पर तुतच्या तुंब्यात भरून न्यागोआला द्यायचे, आणि त्याच्या घराला त्याच्या डब्यात. न्यापालला उपाशीपोटी गोळ्या चालत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात मटकन बसली ती उठेना. ओठ जांभळाच्या रंगाचे. नर्स आली, नाडी बघितली, मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही नीट खात नाहीये. उद्या सकाळी शेवटची तपासणी आहे. अशीच राहिली तर डॉक्टर विमानात बसू देणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी ते कुणाला घेतील असं मला वाटत नाही."

मी हे न्यागोआला सांगितलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. म्हटलं, "खाऊ घाल पोरीला! मेला तो नियम! इथे ना गाई ना पुजारी!"

"तू खाऊ घालशील? थोआनला घातलं असतंस?"

नसतं घातलं. खरं ते खरं.

"आणि आज घातलं तरी," ती म्हणाली, "नैरोबीत एक पातेलं, विमानात एक पातेलं. किती ठिकाणी तू दोन करणार? एक घर इथून गेलं पाहिजे." मग ती माझ्या कानाशी आली. "मारामारी झाली की काय करतात?"

"मारणाऱ्याची फाइल बंद. सगळ्या घराची. पोलीस नेतात."

"आणि ज्याला मारलं त्याची?"

ती चालू राहते, हे मी बोलायच्या आतच मला तिचा विचार कळला. "म्हणजे तू त्याला चिडवणार."

"हो."

"आणि तो तुला मारणार."

"हो. गडी रागीट आहे, तुतला त्याने कालवडीपायी मारलं."

"आणि तू हात उचलणार नाहीस?" मला हसू आलं, त्या वेळीसुद्धा. "तू? अगं, माशी बसली तरी तू तिला लाथ मारतेस!"

ती हसली नाही. "उचलला तर माझं डोकं फोड," म्हणाली.

उन्हं कलती झाली होती. सगळे अंगणात होते, मुकादम वान्याला खुर्चीवर, फाटकाशी दोन पहारेकरी. न्यागोआ अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे, उजव्या मुठीत डावं मनगट. आणि तिने तोंड उघडलं.

तिने आधी त्याच्या बैलाला नाव ठेवलं. आमच्यात पुरुषाला त्याच्या बैलाच्या नावानं हाक मारतात, त्याचं सगळं नाक त्या बैलात असतं. गाटवेचचा बैल काळा, पांढऱ्या डोक्याचा होता. ती म्हणाली, "पांढऱ्या डोक्याचा! अरे, ते डोकं पांढरं नव्हतं, गोचिडांनी खाल्लेलं होतं! गाई त्याला बघून शेपटी खाली घालायच्या!" लोक हसले. तो बसून राहिला. मग ती त्याच्या आईवर गेली. मग कपाळावरच्या रेषांवर, म्हणाली, "त्या कापताना हा मुतला होता, मला तुतनेच सांगितलंय." मग म्हणाली, "नदी पोहून म्हाताऱ्याच्या घागऱ्यात लपलास तेव्हा मासेसुद्धा हसत होते तुला! बाईला भिऊन पळालास! ये, मार ना आता! भाला लागतो का तुला? मोकळ्या हाताने बाईसुद्धा मारता येत नाही?"

न्यालुआक रडायला लागली. गाटवेच तसाच. त्याने न्यागोआच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग न्यापालकडे, भिंतीशी आडवी पडली होती ती, तोंड उघडं टाकून. मग स्वतःच्या पोरीकडे. तिच्या डोक्यावर त्याने एकदा हात ठेवला. अंगातला नवा सदरा काढला, विमानासाठी घेतलेला, घडी घालून बायकोच्या मांडीवर ठेवला. दंडावरची ती लांब चीर मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली. मग तो उठला आणि चालत तिच्यासमोर आला. तो चिडलेला नव्हता. मी चिडलेला पुरुष ओळखते, दोघांशी संसार केलाय.

पहिला ठोसा तोंडावर. ती हलली नाही. दुसऱ्याने तिचं डोकं मागे गेलं आणि तोंडातून दात नि रक्त बाहेर आलं. तिसरा पोटात. ती गुडघ्यांवर आली तरी हात मागेच. मनगटावर तिची स्वतःची नखं रुतली होती, तिथून रक्त येत होतं. त्याने तिला केसांना धरून वर ओढलं आणि पुन्हा मारलं. माणसं ओरडत होती. पहारेकऱ्यांना आधी कळेचना, मग काठ्या घेऊन धावले. मी सगळ्यांत जवळ होते. तो खाली वाकला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "तुतच्या गाई. दिल्या. मोजून घे." आणि सगळ्यांना दिसेल अशी एक लाथ घातली.

मग पहारेकरी त्याच्यावर तुटून पडले. काठी मोडेपर्यंत मारलं. त्याने एकदाही हात वर केला नाही. आडवा पडला होता आणि बघत होता, नळावर पडला होता तेव्हा बघत होता तसाच.

आणि न्यागोआ! इतका वेळ 'हूं' न केलेली बाई तेव्हा ओरडली. तिचा तो आवाज मला आयुष्यभर विसरता येणार नाही. लोकांना वाटलं, मार लागला म्हणून ओरडतेय. मुकादम तिला उचलायला गेला तर तिने त्याला ढकलून दिलं आणि गाटवेचला फरफटत नेत होते त्या बाजूला रांगत निघाली. मी तिच्या अंगावर पडले. तिच्या कानात म्हटलं, "गप! गप, सटवे! एक शब्द बोललीस तर त्याने दिलेलं सगळं मातीत जाईल!" ती रक्ताची गुळणी टाकून म्हणाली, "चोरायला गेले होते गं मी. त्याने हातात आणून दिलं."

संध्याकाळच्या आत न्यालुआकला आणि पोरीला सामानासकट छावणीत परत सोडलं. मी पातेलं राखेनं घासलं, आतून बाहेरून, आणि नवीन घुगऱ्या टाकल्या. न्यापालने खाल्लं. दोन थाळ्या खाल्ल्या. न्यागोआला चावता येत नव्हतं, तिला मी घेवड्याचं पाणी पाजलं.

सकाळी डॉक्टरांनी पोरीला पास केलं. आईच्या सुजलेल्या जबड्याकडे बघून नर्स म्हणाली, "बिचारी, नशीब त्या राक्षसापासून सुटली." बसच्या दारात न्यागोआने तुतचा तुंबा माझ्या हातात कोंबला. तिला बोलता येत नव्हतं, नुसतं काहीतरी हुंकारली. मला वाटलं, ठेवायला दिलाय. मी घरी नेऊन खुंटीला टांगला. मुसळही माझ्याकडेच होतं.

गाटवेच दुसऱ्या पावसाळ्यात तुरुंगातून सुटून आला. एक कान गेला होता ऐकण्यातून. न्यालुआकने त्याला घरात घेतलं, पण त्याच्याशी ती बोलायची नाही. का बोलेल? पोरीचं आयुष्य त्याने एका दुपारी उधळलं, तेही बाईमाणसावर हात टाकून. छावणी त्याच्या तोंडावर थुंकायची. आमच्या बायका त्याला नळावर उभं राहू देत नव्हत्या. तो मातीच्या विटा पाडायचा आणि गप्प राहायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "सांगू का रे मी त्यांना?" म्हणाला, "सांगशील तर कचेरीपर्यंत जाईल. कचेरीला कळलं की ठरवून केलं, तर न्यापालला परत पाठवतील." मी म्हटलं, "मग बायकोला तरी." तो म्हणाला, "बायकोला सांगितलं की छावणीला सांगितलं." आणि विटा पाडायला लागला. मला त्याचा राग आला, खूप राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी घरी येऊन भांडी आपटली.

मग फोन आला. न्यापालची छाती कापून शिवली, पोरगी जिना चढते, ओठ गुलाबी आहेत. न्यागोआ कत्तलखान्यात कामाला लागली होती. दिवसभर साखळीला टांगलेल्या गाई येतात आणि ही सुरी चालवते. "थोआनची आई," म्हणाली, "इतक्या गाई आयुष्यात पाहिल्या नाहीत. आणि एकीचं नाव कुणाला माहीत नाही." दात नसल्यामुळे तिचे शब्द सुळकन निसटत होते. मग विचारलं, "तो काय म्हणाला?"

"कोण?"

"गाटवेच. तुंबा दिल्यावर."

"तुंबा? तुंबा माझ्या खुंटीला आहे."

मग तिने मला अशी शिवी दिली की नळावरची आमची पहिली भेट आठवली. "मूर्ख बाई! तुझ्या भिंतीला शोभा म्हणून दिला होता का? माझ्या नवऱ्याचा तुंबा! त्याला पाणी द्यायला दिला होता! इतके दिवस तो तसाच?"

मी तशीच उठले. तुंबा धुतला, भरला आणि छावणीच्या त्या टोकाला गेले, चालू फोन हातात धरून. तो विटांच्या ढिगाशी वाकलेला होता, न्यालुआक दारात बसली होती. मी तुंबा पुढे केला. त्याने तो लगेच ओळखला. हात चिखलाचे होते, ते मांडीला पुसले, पण पुढे येईनात. त्या घराच्या भांड्यातला घोट म्हणजे मरण, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलोय.

"न्यागोआने पाठवलंय," मी म्हटलं. "म्हणते, गाई मोजून घेतल्या. भरल्या."

न्यालुआक उठून उभी राहिली. "कसल्या गाई?" ती म्हणाली. "कुठल्या गाई?"

तो तुंब्याकडे बघत होता, आणि न्यालुआक त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. पोरीच्या तोंडावर दाबायची तसे.

गाटवेचने तुंबा दोन्ही हातांनी धरला आणि घटाघटा प्याला, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तोंड पुसून फोनकडे वाकला, चांगला कान त्या बाजूला करून.

"तिला म्हणावं," तो म्हणाला, "एक दात बसवून घे."